पंधरा मिनिटांवरचा भात

साकोलीचा माणूस मुंबईला सहसा हौसेने जात नाही. मंत्रालयात अडकलेले काम असते, मुलीची परीक्षा असते, नाहीतर घरातल्या कोणाचे रिपोर्ट पिशवीत घालून परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरायची असते. गोंदियाला किंवा भंडारा रोडला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादरला उतरायचे. मी बाबांना घेऊन असाच उतरलो होतो. पहिल्या दुपारी स्टेशनच्या तोंडाशी जे हॉटेल दिसले त्यात शिरलो. वाटीभर गार भात, त्यावर पातळ वरण. अन्नाला नाव ठेवण्याची बाबांची रीत नव्हती. त्यांनी ते मुकाट्याने संपवले आणि बाहेर आल्यावर विचारले, "इथी पोटभर भात कुठी भेटन गा?"

आमचा मुलूख तलावांचा आणि धानाचा. भात पोटात गेला नाही तर जेवल्यासारखे वाटत नाही, आणि आजारी माणसाला तर ओळखीच्या चवीचा घास औषधाच्या आधी लागतो. टॅक्सीने जेवायला जावे तर जेवणाहून भाडे जास्त. म्हणून बाबा न दमता चालतील तेवढेच अंतर मी धरले. पंधरा मिनिटे, म्हणजे सावकाश चालीने किलोमीटरभर. पुढच्या फेऱ्यांत मी आधी एकटा फिरून जागा पाहून यायचो आणि मग बाबांना न्यायचो. त्यातून जे कळले ते आमच्याकडून मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगावेसे वाटते.

साकोली महामार्गावरचे गाव. आमच्याकडे चांगला ढाबा ओळखायची खूण म्हणजे बाहेर उभे असलेले ट्रक. ट्रकवाला त्याच रस्त्याने पुन्हा येणार असतो, त्याला एकदा फसवले की तो कायमचा गेला. मुंबईत ट्रकच्या जागी बघायचे ते रोजचे गिऱ्हाईक. स्टेशनच्या दारातल्या हॉटेलात येणारा बहुतेक जण पुन्हा येणार नसतो. दोन गल्ल्या आत गेलात की तेच दुकानातले सेल्समन, बँकेतले कारकून, रुग्णालयातल्या सिस्टर रोज जेवायला येतात. दुपारी एक ते दोनच्या दरम्यान दारात थोडे थांबून पाहावे. माणसे एकेकटी येऊन, फलकाकडे न पाहता बसत असतील आणि वेटर न विचारता ताट आणून ठेवत असेल, तर खुशाल आत जावे.

अर्थात स्टेशनजवळचे सगळेच टाकाऊ नसते. दादर पश्चिमेला स्टेशनसमोरच मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० सालापासूनचे. बटाटावडा आणि पियूष यांसाठी माणसे तिथे ठरवून जातात. वडापावचा जन्मही दादर स्टेशनबाहेरच, १९६६च्या सुमारास अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला असे सांगतात. तिथून शिवाजी पार्कच्या दिशेने चालत गेले की सेनाभवनाच्या परिसरात 'प्रकाश' आणि 'आस्वाद' लागतात. १९८६ साली सुरू झालेल्या 'आस्वाद'च्या मिसळीला २०१५मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातली सर्वांत चविष्ट शाकाहारी डिश असा मान मिळाला. मला मात्र तिथली मिसळ आपल्या तर्रीपुढे सौम्य वाटते. बाबांना तीच सोसायची.

दादरमध्ये एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. मोबाइलच्या नकाशात अगदी शेजारी दिसणारी खानावळ पुष्कळदा रुळांच्या पलीकडे असते. मध्ये पूल चढणे आणि उतरणे आले. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जमत नाही. तेव्हा अंतर पाहण्याआधी आपण पूर्वेला आहोत की पश्चिमेला ते पाहायचे आणि आपल्या बाजूनेच शोध सुरू करायचा.

पोटभर भात सापडला तो माटुंग्यात, आणि तो तिथेच का सापडला हे कळल्यावर मला शहराची किल्लीच मिळाल्यासारखे वाटले. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यानंतर दाट वस्ती मोकळी करण्यासाठी १८९८ साली सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर, माटुंगा भागात आखीव रस्ते व चाळी-इमारतींसाठी जागा तयार केल्या. तिथे दक्षिणेकडून नोकरीसाठी आलेली कुटुंबे राहायला आली. त्यांच्या मागोमाग एकटे कारकून, टायपिस्ट आले. त्यांना दोन वेळचे घरचे जेवण हवे होते. त्या गरजेतून बोर्डिंगे निघाली. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनलगत ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचे. पहिल्या मजल्यावर जायचे, केळीच्या पानावर भात, सांबार, रसम्, भाजी, ताक. भात संपला की पुन्हा येतो. बाबांनी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा मी दुसरीकडे पाहिले, कारण माझे डोळे भरून आले होते.

तेव्हापासून कुठल्याही भागात उतरलो की मी आधी विचारतो, इथे कोण राहत होते आणि काय काम करत होते? ताट त्याच उत्तराचे असते. फोर्टमध्ये कचेऱ्या, म्हणून तिथले जेवण दुपारचे. बॅलार्ड इस्टेटमधले १९२३ सालचे पारशी 'ब्रिटानिया' बेरी पुलावासाठी प्रसिद्ध आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून तिथे पायी पंधरा मिनिटे लागतात, पण जायचे ते दुपारीच. कचेऱ्या सुटल्या की तो भाग रिकामा होतो आणि रविवारी पुष्कळ ठिकाणी कुलूप दिसते. मंत्रालयाच्या कामाला जाणाऱ्याने जेवण संध्याकाळवर ढकलू नये.

परळ-लालबागची गोष्ट वेगळी, आणि मला ती सर्वांत जवळची वाटते. गिरणीत कोकणातून, घाटावरून आलेला कामगार बायकामुले गावी ठेवून खोलीत दाटीवाटीने राहायचा. त्याला जेवू घालायच्या त्या चाळीतल्या बाया. एका खोलीत चूल, तीन पाळ्यांचे कामगार, महिन्याचा हिशेब. या खानावळवाल्या बाया किराणा उधारीवर आणायच्या आणि सावकाराच्या व्याजात अडकायच्या. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. जिच्याकडे गहाण ठेवायला काही नव्हते, तिच्या हातच्या जेवणावर बँकेने विश्वास ठेवला, ही मला फार मोठी घटना वाटते. पुढे जानेवारी १९८२मध्ये गिरणी संप सुरू झाला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्या पंगतीही उठल्या. आज तिथे काचेच्या इमारती आहेत. तरी गल्लीत अजून घरगुती डबा देणाऱ्या बाया आहेत. रुग्णालयाच्या परिसरात चहावाल्याला विचारा, तो बरोबर दार दाखवतो.

दादर-परळच्या मालवणी आणि गोमंतकी खानावळी आमच्या माणसाने चुकवू नयेत. आपण मरळ, रोहू, कतला खाणारे. तिथे समोर येतो बांगडा, सुरमई, मांदेली. आपल्याकडचा तिखट रस्सा नाही, नारळाचे वाटण आहे, आणि शेवटी सोलकढी. पण मासा आणि भात ही जोडी तीच. तलावाच्या काठचा आणि समुद्राच्या काठचा माणूस ताटावर एकमेकांना ओळखतो. फक्त जून-जुलैत सागरी मासेमारीला बंदी असते, तेव्हा ताज्या माशाची फार अपेक्षा ठेवू नये. आणि बसण्यापूर्वी राईस प्लेटमध्ये भात किती वेळा मिळतो ते विचारावे. तसे विचारण्यात कमीपणा नाही.

ज्यांच्याजवळ तेवढेही पैसे नसतात, त्यांच्यासाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या सोबत्यांना तिथे आसरा मिळतो. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला, खराटा आणि गाडगे घेऊन फिरणारा आपल्या विदर्भाचा माणूस. त्याच्या नावाचा फलक दादरच्या रस्त्यावर पहिल्यांदा वाचला तेव्हा बाबांनी चप्पल काढून हात जोडले होते.

शेवटच्या फेरीत बाबांना माटुंग्यापर्यंत चालवले नाही. मी एकटाच गेलो, भात आणि रसम् बांधून आणले. खोलीतल्या स्टीलच्या ताटात ते वाढले. बाबांनी चार घास खाल्ले, मग ताट माझ्याकडे सरकवले आणि म्हणाले, "आता तू खाय, थंडा होऊन जाइन."