चुंबकी ताऱ्याच्या तेजातील थरथर

काही तारे जोडीने राहतात आणि त्यांतील एक दुसऱ्याचा वायू ओढून घेत असतो. ओढणारा तारा आकाराने पृथ्वीएवढा, परंतु वस्तुमानाने सूर्याच्या जवळपास असतो. त्यास श्वेतबटू म्हणतात. तो प्रबळ चुंबक असेल, तर वायू त्याच्याभोवती चकती न करता चुंबकी रेषांवरून थेट ध्रुवांकडे कोसळतो. शौरी तारकासमूहातील एएम हर्क्युलिस हा अशा ताऱ्यांचा नमुना होय. 1976 मध्ये तापिया यांना त्याचा प्रकाश ध्रुवित आढळला आणि चुंबकत्वाचा पुरावा हाती आला.

कोसळणारा वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने येतो, पृष्ठभागाच्या किंचित वर अडतो आणि तेथे आघात-सीमा निर्माण होते. 1981 मध्ये लँगर, चन्मुगम व शाविव यांनी गणिताने दाखविले, की ही सीमा स्थिर न राहता सेकंदा-दोन सेकंदांच्या अंतराने वरखाली होईल. पुढच्याच वर्षी मिडलडिच यांना, आज व्ही 834 सेंटॉरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ताऱ्याच्या दृश्य प्रकाशात अशी लहर सापडली.

आता ही लहर मोजायची कशी? प्रकाशकणांची गणना मुळातच अनिश्चित असते: दहा हजार कण मोजले, तर शंभरांची चूक गृहीतच धरावी लागते. लहर तर शेकडा काहीच असते. म्हणून शेजारच्या स्थिर ताऱ्याशी तुलना करीत, दीर्घकाळ मापने घेऊन त्यांतून आवर्तन शोधावे लागते. शिवाय दोन मापनांतील अंतर आवर्तनकाळाच्या निम्म्याहून कमी हवे. नाहीतर चित्रपटात टांग्याची चाके उलटी फिरताना दिसतात, तसा खोटाच काळ हाती येतो.

भारताने 28 सप्टेंबर 2015 रोजी सोडलेल्या ॲस्ट्रोसॅटवरील सौम्य क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सिद्ध झाली. तिचे प्रमुख कुलिंदरपाल सिंह पुढे मोहालीच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत आले. चंडीगढजवळचे खरड याच जिल्ह्यात आहे. या दुर्बिणीच्या कॅमेऱ्याला पूर्ण चित्र वाचण्यास सुमारे 2.4 सेकंद लागतात. अर्थात सेकंदाची लहर त्यातून निसटणारच. त्यासाठी कॅमेऱ्याचा छोटासा भागच भराभर वाचण्याची सोय ठेवलेली आहे. त्यातही उपग्रह सुमारे 98 मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करतो आणि प्रत्येक फेरीत पृथ्वी ताऱ्याच्या आड येऊ शकते. या खंडांमुळेही खऱ्या आवर्तनाशेजारी खोटी आवर्तने उमटतात.

क्ष-किरणांचा हा आग्रह उगाच नाही. सिद्धान्तानुसार आघात-सीमेची थरथर तेथेच ठळक दिसावयास हवी. परंतु 2015 मध्ये युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन उपग्रहाची मापने तपासली गेली, तेव्हा अशा एकाही ताऱ्यात ती सापडली नाही. दृश्य प्रकाशात मात्र तोवर पाच ताऱ्यांत ती आढळली होती.