मंडळाची वर्गणी कोणाच्या फोनवर? छोट्या क्रीडा मंडळाचा हिशेब समजून घ्या

सोयाबीनचे पैसे हातात आले, की मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात कबड्डीच्या आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांचे फलक झळकू लागतात. प्रथम बक्षीस अमक्यांकडून, द्वितीय तमक्यांकडून. फलकावर ठळक नसतो तो मंडळाचा कोषाध्यक्ष. मंडप, लाउडस्पीकर, मैदानाची आखणी, पंचांचे मानधन, बाहेरगावच्या संघांचे जेवण हे तो आधी स्वतःच्या खिशातून भागवतो आणि नंतर महिनाभर देणगीदारांच्या दारात उभा राहतो.

पैसा कमी पडला तर मंडळ रडतखडत का होईना, चालते. पैसा कुणाचा आणि मंडळ कुणाचे हेच ठरेनासे झाले, की कुलूप लागते.

क्यूआर कोड कोणाचा?

पूर्वी पावतीपुस्तक फिरायचे. आता खेळाडू कोषाध्यक्षाच्या फोनवरचा कोड स्कॅन करतो आणि पन्नास रुपये त्याच्या वैयक्तिक खात्यात पडतात. त्याच खात्यातून किराणा, रिचार्ज आणि पोरांची फीही जाते. सहा महिन्यांनी मंडळाचे पैसे वेगळे काढायला बसले, तर प्रामाणिक माणसालाही ते सिद्ध करता येत नाहीत. समजा, चाळीस जण महिन्याला पन्नास रुपये देतात. वर्षाचे २४ हजार होतात. रक्कम मोठी नाही, पण गावात बोलणी बसायला तेवढी पुरते.

उपाय सरळ आहे. मंडळाच्या नावाने पॅन, कार्यकारिणीच्या ठरावाने बँक खाते, आणि अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने व्यवहार. स्कॅन करायचा कोड याच खात्याचा. जमा फोनवरून, खर्च धनादेशाने. शिवाय ऑनलाइन पैसे आले तरी क्रमांक, नाव आणि काळ लिहिलेली पावती फाडायचीच. व्हॉट्सॲपवरचा स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे.

नोंदणी कुठे होते?

मंडळाच्या नावाने खाते काढायचे, तर बँक नोंदणीचा कागद मागते. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात जण एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. सोबत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास म्हणून नोंद होते. खेळाचे मंडळ धर्मादाय कसे, असा प्रश्न पडतो. या कायद्यात सामाजिक हितासाठी दिलेल्या करमणुकीच्या सोयींचाही धर्मादाय हेतूंत समावेश आहे. मात्र त्या लोकांच्या उपयोगासाठी हव्यात, चार मित्रांच्या बैठकीसाठी नव्हेत.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधी नोंदलेल्या मंडळाची मूळ नोंद अकोल्याची. अशा मंडळाने न्यास नोंदणी कार्यालयातून उतारा काढून विश्वस्त म्हणून आज कोणाची नावे आहेत, हे एकदा बघावेच. वारलेल्यांची नावे तशीच आणि प्रत्यक्षात कारभार पाहणारे कागदावर कुठेच नाहीत, ही गोष्ट जुन्या संस्थांत नवी नाही. पदाधिकारी बदलले, की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. बोलताना सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. तो राहिला आणि उद्या दोन गटांनी आपापली कार्यकारिणी जाहीर केली, तर बँकेने कुणाची सही मानायची?

सदस्य नेमका कोण?

खरी मेख इथे आहे. १८६० च्या कायद्याच्या कलम १५ नुसार वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली, तर त्या व्यक्तीला मत देता येत नाही आणि ती सदस्य म्हणून मोजलीही जात नाही. म्हणजे कोषाध्यक्षाची वही हीच मतदारयादी. नोंदवहीत साठ नावे असतील आणि वर्गणी बावीस जणांनीच भरली असेल, तर मंडळ त्या बावीस जणांचे.

या कलमाचा फटका शेतकऱ्याच्या पोराला बसतो. वर्गणी महिन्याची ठेवली, तर पेरणीपासून काढणीपर्यंत हात आखडता असलेला मुलगा आपोआप थकबाकीदार ठरतो. पगारदार मात्र शाबूत. म्हणून मंडळाच्या घटनेत वर्गणी वर्षाची ठेवावी आणि देय तारीख दिवाळीनंतरची लिहावी. थकबाकी देय तारखेपासूनच मोजली जाते. पुण्याला कामाला गेलेले सदस्य सणाला गावी येतात, तेव्हा त्यांचीही वसुली होते.

दुसरी पळवाट निवडणुकीच्या तोंडावर दिसते. एकच माणूस वीस-तीस जणांची थकबाकी एकदम भरतो आणि सभेत बहुमत घेऊन येतो. अमुक तारखेपर्यंत वर्गणी भरलेल्यांनाच मत, ही तारीख घटनेत असेल तर हा डाव चालत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना मताविना 'खेळाडू सदस्य' ठेवणे सोयीचे. त्यांच्या फीच्या पावत्याही वेगळ्या ठेवाव्यात.

स्पर्धेचा हिशेब वेगळा

स्पर्धेला स्वतंत्र खतावणी हवी. बक्षीस जाहीर करणारा आणि देणारा एकच असतो असे नाही. रक्कम खात्यात जमा झाल्यावरच नाव फलकावर, एवढा एक ठराव केला तरी कोषाध्यक्षाची झोप वाचेल. सुरुवातीला एखादा पुढारी रुसेल, रुसू द्यावा. ढाल, टी-शर्ट अशा वस्तूरूप मदतीचीही नोंद घ्यावी. नोंदणीच नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते. गणेश मंडळे घेतात तीच, कलम ४१ सी खालची.

विदर्भात मोठे झालेले मंडळ शोधायला लांब जावे लागत नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये आखाडा म्हणून सुरू झाले आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. आज व्यायामशाळा आणि क्रीडांगणासाठी सरकारी अनुदानाच्या योजना जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत चालतात. तिथे अर्ज करायचा तर नोंदणी प्रमाणपत्रासोबत लेखापरीक्षण अहवालही लागतात. नोंदणीकृत न्यासाची खाती ३१ मार्चला बंद होतात आणि त्यांचे लेखापरीक्षण त्यानंतर सहा महिन्यांत व्हावे लागते. म्हणजे पावतीपुस्तके, ठरावबुक आणि बँकेचा उतारा घेऊन सनदी लेखापालाकडे जायचे ते सप्टेंबर संपायच्या आत, सोयाबीन काढणीची धांदल सुरू होण्याआधी.