पिंपरीचे पेनिसिलिन आणि खाटकाचा ओटा

१९५५ साली पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला तो कारखाना देशाची मोठी गरज भागवणारा होता. अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला सरावतात, हे पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५च्या नोबेल व्याख्यानातच सांगून ठेवले होते.

याच काळात प्रतिजैविके गोठ्यात आणि खुराड्यात शिरत होती, तीही आजारासाठी नव्हे. खाद्यात चिमूटभर औषध मिसळले की पिल्ले झपाट्याने वाढतात, हे अमेरिकेत स्टोकस्टॅड आणि ज्यूक्स या संशोधकांना दिसले होते. १९६९ मध्ये ब्रिटनच्या स्वान समितीने धोक्याचा इशारा दिला. युरोपात वाढीसाठीचा वापर पूर्ण थांबायला २००६ उजाडले.

मग आले कोलिस्टिन. इतर औषधे हरल्यावर अतिदक्षता विभागात हाती घ्यावे असे हे औषध. २०१५च्या नोव्हेंबरात चीनमधील संशोधकांनी डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही त्याला दाद न देणारे जंतू सापडल्याचे जाहीर केले. ही ताकद देणारे एमसीआर-१ जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत होते, हे अधिक भयंकर. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन बंद केले. जंतू कोलिस्टिनला दाद देतात का, याची तपासणीही अवघड: औषधाचा रेणू मोठा, आगरमध्ये नीट पसरत नाही, त्यामुळे चकती ठेवून वर्तुळ मोजण्याची नेहमीची रीत फसवते. द्रव माध्यमात औषधाचे प्रमाण पायरीपायरीने कमी करत जंतू कुठे वाढतात ते पाहावे लागते.

आपल्याकडे चर्चा झाली ती मुख्यतः मांसात उरणाऱ्या औषधांच्या अवशेषांची. २०१४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने दिल्ली परिसरातील कोंबडीचे ७० नमुने तपासले. ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अवशेष निघाले. पण मांसात औषध नसले तरी जंतू असू शकतात. शिजवल्यावर ते मरतात. सुरी, ओटा आणि कापणाऱ्याचे हात मात्र शिजत नाहीत.

औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंविरुद्धचा राष्ट्रीय कृती आराखडा २०१७ मध्ये आला. भारतीय कृषी संशोधन परिषद आणि अन्न व कृषी संघटनेच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या जाळ्यातील प्रयोगशाळा जनावरांतील आणि माशांतील ई. कोलाय आणि स्टॅफिलोकोकस तपासतात. पिंपरीपासून औंधची पशुरोग प्रयोगशाळा जवळ आहे, आणि चाकणच्या बाजारात गावोगावची जनावरे एकत्र येऊन पुन्हा पांगतात. नमुने घेण्याची याहून सोयीची जागा कोणती?

एप्रिल २०२५ पासून मांस, दूध, अंडी यांत बंदी असलेल्या प्रतिजैविकांची यादी वाढली आहे. ती यादी औषधांची आहे. जंतूंसाठी तसेच नियमित नमुने दुकानांतून आणि कत्तलखान्यांतून उचलायला हवेत, आणि निकाल खेड-मावळात औषध लिहून देणाऱ्या पशुवैद्यकाच्या हाती पडायला हवेत.