क्षिप्राकाठची हस्ताक्षरे

सोळाव्या शतकात जर्मनीतल्या विटेनबर्गला एक टूम निघाली. विद्यापीठ सोडून जाणारे विद्यार्थी कोरी वही घेऊन ल्यूथर, मेलान्क्थन यांच्यासारख्या गुरुजनांकडे जात. गुरुजन लॅटिन, ग्रीक नाहीतर हिब्रूतले एखादे वचन लिहीत. खाली दोन शब्द स्नेहाचे, स्थळ, तारीख आणि सही. पुढे या स्नेहवह्यांचा भाव वाढला. आउग्सबुर्गचा व्यापारी फिलिप हाइनहोफर याने तर आपल्या वहीत राजेरजवाड्यांच्या सह्या जमवल्या. तो १६४७ साली वारल्यावर ड्यूक आउगुस्टने ती मागितली, पण मिळाली नाही. त्याच ड्यूकच्या नावाच्या ग्रंथालयाने ती अखेर २०२० मध्ये सुमारे २८ लाख युरोंना विकत घेतली.

क्षिप्राकाठच्या उज्जैनला तीर्थाच्या वहीचे नेमके उलटे आहे. इथे वही जागेवर असते आणि लिहिणारा चालत येतो. रामघाटावर किंवा सिद्धवटाला तीर्थोपाध्याय आधी आडनाव विचारतात, मग मूळ गाव, मग आजा-पणजाचे नाव. त्यावरून बासनातली लांबट वही निघते. यजमान पूर्वजांचा लेख पाहतो आणि त्याखाली आपला लिहितो: कोण, कुठले, कोणाचे पुत्र, सोबत कोण, कशासाठी आलो. मराठी यजमान तिथी शके घालून देतो, माळव्यातला संवत घालून.

अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी उज्जैनला बस्तान बसवले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाचे देऊळ नव्याने बांधले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी मराठी माणसाची क्षिप्रास्नानाची वाट मोडली नाही.

अशा वह्यांतून इतिहास कसा उकलतो, हे कलेतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी हरिद्वारला दाखवून दिले. पहाडी चित्रकारांची घराणी त्यांनी पंड्यांच्या नोंदींवरून जुळवली. १७६३ मध्ये तिथे आलेल्या चित्रकार नैनसुखने तर लेखासोबत चित्रही काढून ठेवले होते. त्या नोंदी टाकरी लिपीत. आपल्याकडच्या जुन्या लेखांना मोडी यावी लागते.

स्नेहवहीत विद्वान आपले पांडित्य मांडतो. तीर्थाच्या वहीत शास्त्री असो की शिलेदार, त्याने नाते मांडायचे असते. क्षेत्रोपाध्येपणाच्या जुन्या लेखांत तर आमच्या वंशजांनीही यांनाच उपाध्ये मानावे, असा करार असे. म्हणूनच यजमानवृत्ती वतनासारखी भाऊबंदांत वाटली गेली, आणि वंशावळीच्या वादात अशा नोंदी कोर्टातही पुरावा म्हणून पुढे आल्या. मात्र हा वंश चालतो तो पुरुषांच्या ओळीने. लग्न होऊन गेलेल्या लेकीचा माग इथे सहसा तुटतो.

हाइनहोफरची वही विकत घेता आली, कारण तिचे काम संपले होते. उज्जैनच्या वह्यांवर अजून घरे चालतात. त्या उचलून संग्रहालयात नेणे म्हणजे चालती वृत्ती बंद पाडणे. अभ्यासकाने मोडी शिकावी, उपाध्यायांच्या ओटीवर बसावे, त्यांच्या संमतीने छायाचित्रे घ्यावीत आणि त्यांची एक प्रत त्यांनाच द्यावी.