बीपी ९०/६० च्या खाली आला? आकड्याआधी त्रास बघा

उपकेंद्रात बीपी मोजला की दोन आकडे सांगतात. वरचा हृदय आवळतानाचा दाब, खालचा ते सैल पडतानाचा. मोठ्या माणसात १२०/८० च्या आसपास म्हणजे नॉर्मल. ९०/६० च्या खाली गेला तर ‘लो’ म्हणतात. पण काही जणांचा कायमच कमी असतो. त्रास नसेल तर नुसत्या आकड्याला घाबरू नका.

उन्हात खुरपताना उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सावलीत आडवं व्हा, पाय उंच ठेवा, बरं वाटल्यावर घोटघोट पाणी प्या. सारखं असं होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. बीपीची गोळी मात्र मनानं बंद करू नका. शुद्ध हरपली, छातीत दुखलं, अंग गार पडलं तर लगेच १०८ ला फोन लावा.