श्रीलंकेतील गावांनी तेलाची गरज कशी कमी केली, आणि आपण त्यातून काय घ्यावे?

२०२२ साली श्रीलंकेत पेट्रोल पंपांसमोर लागलेल्या रांगा आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिल्या. देशाकडे परकीय चलन उरले नाही, एप्रिलमध्ये सरकारने परकीय कर्जाची फेड थांबवली आणि तेल आणणारी जहाजे मिळेनाशी झाली. दिवसाला तेरा-तेरा तास वीज जात होती. ऑगस्टमध्ये रॉकेलचा दर लिटरमागे ८७ रुपयांवरून एकदम ३४० रुपये झाला. मासेमाऱ्यांच्या बोटी किनाऱ्यावर उभ्या राहिल्या. शहरातल्या घरांतही गॅसऐवजी लाकूडफाटा आला आणि तो गोळा करण्याचे व फुंकण्याचे काम पुन्हा बाईच्या वाट्याला आले.

त्या वेळी आपल्याकडे बरीच चर्चा झाली ती राजपक्षे घराण्याची आणि कर्जाची. ती आवश्यकच होती. पण याच देशात गेली सहा दशके गावपातळीवर एक वेगळे कामही चालू आहे. बाहेरून येणाऱ्या तेलावर, पैशावर आणि हुकुमावर गाव किती अवलंबून राहणार, हा प्रश्न तिथल्या काही गावांनी धम्माच्या भाषेत स्वतःला विचारला. आम्ही खेड्यांत सामाजिक काम करणारे कार्यकर्ते आहोत. या अनुभवातून आपल्या वस्त्यांनी काय घ्यावे आणि कुठे सावध राहावे, हे इथे मांडत आहोत.

तेल म्हणजे फक्त पेट्रोल नव्हे

आधी गावात तेल कुठे कुठे शिरले आहे ते पाहू. ट्रॅक्टर, डिझेल पंप आणि मोटारसायकल हे दिसणारे तेल. स्वयंपाकाचा सिलिंडर त्यातच येतो. पण युरियाची गोणीही याच साखळीतली आहे, कारण युरिया प्रामुख्याने नैसर्गिक वायूपासून बनतो. बाजारातून येणारे बियाणे, भाजी आणि किराणा ट्रकने येतो, म्हणजे त्याच्या किमतीत डिझेल आहे. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात होते. परदेशात कुठे युद्ध पेटले तर त्याचा चटका इथल्या मजूर बाईच्या चुलीपर्यंत पोहोचतो तो असा. ज्याच्याकडे जमीन, जनावर किंवा साठवलेला पैसा आहे तो काही महिने तग धरतो. रोजंदारीवर जगणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी फटका बसतो. म्हणून तेलावरचे अवलंबित्व हा पर्यावरणाइतकाच सामाजिक न्यायाचाही विषय आहे.

कनातोलुवाची सुरुवात

श्रीलंकेतील सर्वोदय श्रमदान चळवळ १९५८ साली सुरू झाली. कोलंबोच्या नालंदा महाविद्यालयातील तरुण शिक्षक ए. टी. अरियरत्ने आपले विद्यार्थी आणि सहकारी शिक्षक घेऊन कुरुनेगल जिल्ह्यातील कनातोलुवा या गावी गेले. ते गाव रोडिया समाजाचे होते. बौद्ध म्हणवणाऱ्या सिंहली समाजातही जातीची उतरंड आहे आणि तिच्या तळाशी हा समाज ठेवला गेला होता. भीक मागणे हा त्यांचा ‘व्यवसाय’ ठरवलेला होता. जुन्या काळी अंगाचा वरचा भाग झाकायलाही त्यांना बंदी होती. अशा वस्तीत शहरातली सुखवस्तू मुले राहिली, वस्तीतल्या लोकांबरोबर जेवली आणि त्यांच्याबरोबर घाम गाळून कामे केली.

आपल्या वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. बाबासाहेब १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत गेले होते. बौद्ध देशातला धम्म प्रत्यक्ष जीवनात किती उतरला आहे, हे त्यांना पाहायचे होते. त्यानंतर आठ वर्षांनी तिथली एक चळवळ बहिष्कृतांच्या गावापासून सुरू झाली. पुढे ती हजारो गावांत पोहोचली. अरियरत्ने यांना १९६९ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार आणि १९९६ साली भारत सरकारचा गांधी शांतता पुरस्कार मिळाला. एप्रिल २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

गाव उभे राहते कसे

या चळवळीची पद्धत पाच टप्प्यांची आहे. पहिला टप्पा श्रमदान शिबिराचा. रस्ता, विहीर किंवा पाट असे गावाने स्वतः निवडलेले काम सगळे मिळून करतात. रोज कुटुंबसभा भरते आणि तिथे लहान मूलही बोलते. दुसऱ्या टप्प्यात मुलांचे, तरुणांचे, मातांचे, शेतकऱ्यांचे गट बांधले जातात. तिसऱ्यात गावाची स्वतःची संस्था नोंदवली जाते आणि मूलभूत गरजांवर काम सुरू होते. चौथ्यात बचत, कर्ज आणि रोजगार येतो. पाचव्या टप्प्यात हे गाव शेजारच्या गावाला मदत करते.

चळवळीने दहा मूलभूत गरजा ठरवल्या आहेत. स्वच्छ परिसर, पाणी, वस्त्र, आहार, घर, आरोग्य, दळणवळण, ऊर्जा, शिक्षण आणि सांस्कृतिक-आध्यात्मिक जीवन. ऊर्जा या यादीत आहे आणि ती अन्न-पाण्याच्या पंगतीला बसवली आहे. गरज किती आणि हाव किती, याचा निर्णय गावाने एकत्र बसून करायचा.

धम्माचा वापरही सरळ आहे. चार आर्यसत्ये गावाला लावून समजावली जातात. खालावलेले गाव हे दुःख, फूट, स्वार्थ आणि द्वेष ही त्याची कारणे. ही कारणे दूर होऊ शकतात ही आशा आणि आष्टांगिक मार्ग हा उपाय. दान, प्रिय वचन, अर्थचर्या आणि समानता या चार तत्त्वांवर गटाचे वर्तन बेतलेले असते. बाबासाहेबांनी दुःखाचा अर्थ सामाजिक शोषणाशी जोडला, त्यामुळे आपल्याला ही मांडणी परकी वाटू नये. कूटदंत सुत्तातही राजाला सल्ला मिळतो तो यज्ञाऐवजी शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला योग्य वेतन देण्याचा.

रॉकेलच्या चिमणीपासून सुटका

तेलाच्या बाबतीत श्रीलंकेच्या खेड्यांत दोन प्रयोग विशेष झाले.

पहिला घरगुती सौरदिव्यांचा. वीज न पोहोचलेल्या गावांत लोक रॉकेलची चिमणी जाळत आणि टीव्ही पाहण्यासाठी मोटारीची बॅटरी तालुक्याच्या गावी नेऊन भरून आणत. चिमणी कलंडून भाजण्याचे अपघात होत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सर्वोदयच्या पतसंस्थेने सौरसंचासाठी हप्त्यांनी कर्ज देणे सुरू केले. रॉकेल आणि बॅटरीवर दरमहा जाणारा पैसाच हप्त्याकडे वळवायचा, असा हिशेब होता. संच विकणाऱ्या कंपन्या वेगळ्या होत्या. गावातली ओळख आणि वसुलीची शिस्त पतसंस्थेची होती. ज्याला बँक दारात उभे करत नाही त्याला गावाचा गट तारण होतो, हे इथे दिसले.

दुसरा प्रयोग गावच्या जलविजेचा. हा सर्वोदयचा नव्हे, इतर संस्थांनी गावकऱ्यांच्या साथीने केलेला. रत्नपुर, केगल्ल अशा डोंगराळ जिल्ह्यांत ओढ्यावर छोटा बंधारा घालतात. पाटाने पाणी एका टाकीत येते, तिथून जाड पाइपमधून खाली सोडतात आणि त्याच्या जोरावर टर्बाइन फिरते. प्रत्येक घराला दिवे आणि एखादा टीव्ही चालेल इतकी मोजकी वीज मिळते. ही यंत्रणा गावाच्या वीज ग्राहक संस्थेच्या मालकीची असते. सभासद आधी अंगमेहनत देतात, नंतर दरमहा वर्गणी भरतात. यंत्र चालवणारा माणूस गावातलाच. वरच्या अंगाची झाडी तोडली तर उन्हाळ्यात ओढा आटतो आणि दिवे विझतात, म्हणून जंगल राखणे हा उपदेश न राहता रोजची गरज बनते. असे दोनशेहून अधिक प्रकल्प उभे राहिले.

पुढे सरकारी वीज जवळजवळ प्रत्येक गावात पोहोचली. सौरकर्जाची मागणी घटली, अनेक जलवीज संस्था बंद पडल्या, काही सरकारी जाळ्याला जोडल्या गेल्या. याला अपयश म्हणता येणार नाही. लोकांना जास्त वीज हवी होती आणि तो त्यांचा हक्क होता. मात्र बाहेरची वीज आल्यावर गावाची संस्था मोडली, तिथे २०२२ च्या अंधारात हाताशी काही उरले नव्हते.

वरून आलेला हुकूम

याच देशाने उलटा धडाही दिला. २०२१ च्या मे महिन्यात सरकारने रासायनिक खते आणि कीटकनाशकांची आयात एका फटक्यात बंद केली. कारण सेंद्रिय शेतीचे सांगितले. परकीय चलन वाचवणे हाही हेतू होता. शेतकऱ्याकडे पुरेसे कंपोस्ट नव्हते, प्रशिक्षण नव्हते, वेळ नव्हता. भाताचे उत्पादन कोसळले, चहालाही झळ बसली, तांदूळ आयात करावा लागला आणि नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. तेल आणि रसायन कमी करण्याचे ध्येय दोन्हीकडे होते. एकीकडे गावाने सभा घेतली, हिशेब मांडला, एकेक पाऊल टाकले. दुसरीकडे राजधानीतून आदेश निघाला आणि त्याची किंमत लहान शेतकऱ्याने व भात विकत घेऊन खाणाऱ्या मजुराने मोजली.

स्वयंपूर्ण गाव : आपली शंका रास्त आहे

‘स्वयंपूर्ण गाव’ हा शब्द ऐकला की आंबेडकरी माणूस सावध होतो, आणि व्हायलाच हवे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवाचा खरपूस समाचार घेतला होता. जुने गाव स्वयंपूर्ण होते ते आपल्या आज्या-पणज्यांच्या फुकट श्रमावर. मेलेले ढोर ओढणे, सांगावा पोहोचवणे, सरपण फोडणे ही कामे महारवतन आणि वेठबिगारीतून होत. त्या गावाला डिझेल लागत नव्हते, कारण माणसालाच इंधन केले होते.

सर्वोदय चळवळीवरही अशी टीका झाली आहे. गणनाथ ओबेयसेकरे आणि रिचर्ड गोम्ब्रिच या अभ्यासकांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की चळवळीच्या मनातले सुखी, एकदिलाचे प्राचीन सिंहली गाव हे बरेचसे शहरी मध्यमवर्गाचे स्वप्न आहे. गावातल्या हितसंबंधांची टक्कर त्यात दिसत नाही. ही टीका आम्हाला पटते. चळवळीचे नाव आणि काही प्रेरणा गांधी-विनोबांकडून आलेली आहे, हेही खरे. तरीही कनातोलुवाला एक गोष्ट वेगळी घडली. तिथे घाम उच्चवर्णीय मुलांनी गाळला आणि फायदा बहिष्कृत वस्तीला मिळाला. श्रमदानाची परीक्षा हीच असली पाहिजे. श्रम कोण करतो आणि उभे राहिलेले काम कोणाच्या नावावर होते?

आपल्या गावात हीच कसोटी

महाराष्ट्रात ही कसोटी लावून पाहा. सौर कृषिपंप घ्यायचा तर सातबारा आणि पाण्याचा स्रोत हवा. बायोगॅसला जनावरे हवीत. छतावर सौरसंच बसवायला पक्के छत आणि नावावरचे घर हवे. उज्ज्वला योजनेत सिलिंडर मिळाला, पण तो दर वेळी भरून आणणे सगळ्यांना परवडत नाही. म्हणजे तेलापासून सुटण्याची प्रत्येक वाट मालमत्तेच्या दारातून जाते आणि भूमिहीन बौद्ध कुटुंब त्या दाराबाहेर उभे राहते.

गायरानाचा प्रश्न तर अधिक गंभीर आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत प्रकल्पांसाठी शासकीय आणि गायरान जमिनी दिल्या जात आहेत. शेतीला दिवसा वीज मिळावी हा हेतू चांगला आहे. परंतु मराठवाड्यात आणि इतरत्रही अनेक भूमिहीन कुटुंबे वर्षानुवर्षे गायरान कसत आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह याच जमिनीसाठी होते. कसणाऱ्याला उठवून तिथे सौरपॅनेल लागणार असतील, तर ती ऊर्जा स्वच्छ आहे असे आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे?

विहार समितीला करता येण्यासारखे

आपल्या जवळजवळ प्रत्येक वस्तीत विहार आहे, समिती आहे, महिला मंडळ आहे, बचत गट आहेत. सर्वोदयने दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात जे उभे केले त्याचा सांगाडा आपल्याकडे तयार आहे. वर्षावासात धम्मग्रंथाचे वाचन होतेच. त्याच बैठकांत वस्तीचा इंधनाचा हिशेब मांडता येईल. महिन्याला किती सिलिंडर, किती डिझेल, किती युरिया, किती प्रवासखर्च? आकडे फळ्यावर आले की कुठून सुरुवात करायची ते लोकच सांगतील.

कुठे विहाराच्या छतावर सौरसंच बसवून रात्रीची अभ्यासिका चालवता येईल. कुठे महिला गटाला सामाईक बायोगॅस किंवा गिरणी जमेल. कुठे अल्पभूधारकांचा देशी बियाण्यांचा साठा होईल. काम लहान असले तरी चालेल, पण त्याची मालकी गटाची असावी, हिशेब उघडा असावा आणि देखभाल वस्तीतल्या मुला-मुलींनी शिकून घ्यावी. श्रीलंकेत जिथे ही तीन पथ्ये पाळली गेली तिथे संस्था टिकण्याची शक्यता वाढली.

आणि हे वस्तीपुरते ठेवून भागणार नाही. ग्रामसभा हा आपला संविधानिक मंच आहे. गावात सौरप्रकल्प येणार असेल तर ग्रामसभेत तीन प्रश्न लेखी विचारावेत आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत. जमीन कोणाची जाणार? त्यावर आज कोण कसते आहे? विजेचा आणि भाड्याचा वाटा भूमिहीनांना किती?

तेल उद्या महाग होईल, परवा कदाचित मिळणारही नाही. त्या दिवसाची तयारी गावाला करावीच लागेल. ती तयारी जुन्या उतरंडीवर होणार की समतेवर, हे ठरवण्याच्या बैठकीत आपण हजर असले पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!