जुनं कापड कुणाला आवडतं?

मागच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने मला गाठलं. म्हणाली, "सर, मी मुंबईहून एक जुनी जरीची साडी विकत आणली. घरी सगळे हसतात. नवी मिळत असताना दुसऱ्या कुणी नेसलेली साडी पैसे देऊन कशाला आणायची, म्हणतात." आज या प्रश्नाबद्दलच बोलू.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आत्मा देह बदलतो हे सांगताना जीर्ण वस्त्र टाकून नवं घेण्याचा दृष्टान्त दिला आहे. दृष्टान्त नेहमी सगळ्यांना आधीच पटलेल्या गोष्टीचा देतात. म्हणजे जुनं झालं की टाकायचं, हे तिथे गृहीतच आहे. पण आपल्या घरांत पाहा. लुगडं विरलं की त्याची दुपटी व्हायची, मग गोधडी, मग पायपुसणं. धडकं उरलेलं बोहारणीकडे जायचं, त्याच्या बदल्यात भांडं यायचं.

माझी आई गेल्यावर आम्ही भावंडांनी तिची ट्रंक उघडली. लुगडी बोहारणीला दिली आणि स्टीलचा एक डबा घेतला. डबा अजून आहे, पोहे ठेवतो त्यात. पण डांबरगोळ्या आणि चुलीचा धूर यांचा तो वास गेला तो गेलाच. आता समजा, तेच सूत, तोच रंग, तेच काठ असलेलं कोरं लुगडं कुणी मला आणून दिलं, तर चालेल का? नाही चालणार. म्हणजे मोल नुसत्या धाग्यांत नव्हतं. वाल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात कलाकृतीबद्दल असंच म्हटलं आहे: हुबेहूब प्रत काढता येते, पण मूळ वस्तू ज्या काळातून, ज्या हातांतून आली, ते प्रतीत उतरत नाही.

तुम्ही म्हणाल, सर, ती तुमची आई होती. या मुलीच्या साडीत तर कुणा परक्या बाईची आठवण आहे. बरोबर. मग तिला काय आवडलं? एक, कारागिरी. जुन्या जरीत खरी चांदी असायची. त्या चांदीसाठीच कितीतरी साड्या जाळल्या गेल्या, म्हणून उरलेल्यांचं अप्रूप. दुसरं, शोधण्यातली मजा. नव्या दुकानात दुकानदार साड्या पुढ्यात टाकतो. जुन्या ढिगातून आपली साडी आपणच हुडकावी लागते. आणि तिसरं, पदराजवळचं रफू पाहून ती बाई कोण असेल, असं मनात येतं.

या तिन्ही गोष्टींखाली मात्र एक अट आहे. या मुलीला नवी साडी घेता आली असती. तिने जुनी निवडली.

ही अट किती मोठी आहे ते पाहा. बौद्ध भिक्खूंच्या परंपरेत पांसुकूल चीवर आहे: उकिरड्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून केलेलं वस्त्र. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेताची वस्त्रं वापरावीत, असा नियम आहे. कापड तेच, स्मशानातलं. भिक्खू आपल्या इच्छेने घर सोडून आलेला, म्हणून त्याच्या अंगावर तो त्याग होतो. दुसऱ्याला विचारलंच नाही, त्याच्या अंगावर ती शिक्षा होते. आपल्या कोकणातल्याच महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचं दहन झालं. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितलं, की अस्पृश्यतेची खूण पटवणारी नेसण्याची पद्धत आणि दागिने सोडा. काय अंगावर घालायचं हे आपण ठरवणं, ही माणूसपणाचीच बाब होती.

तेव्हा जुन्या कपड्याची ओढ ही जुनेपणाची कमी आणि निवडीची जास्त आहे, असं मला वाटतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ती साडी जाळली गेली नाही, एक सुंदर वस्तू वापरात राहिली, हे चांगलंच झालं.

पण घरचे का हसतात? माझ्या पिढीत अनेकांनी शाळेत दुसऱ्याचे उतरलेले सदरे घातले आहेत. मीही थोरल्या भावाचे घातले, पण तो निदान घरचा होता. काहींना मालकाच्या मुलाचा सदरा घालून त्याच मुलाच्या वर्गात बसावं लागलं. अशा माणसाला कोऱ्या कापडाचा वास म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. त्याच्या नातीने पैसे मोजून जुनं आणलं, तर तो हसेल किंवा चिडेल.

त्या विद्यार्थिनीला मी इतकंच सांगेन: साडी खुशाल नेस. पण घरच्यांना पटवायला जाण्याआधी एकदा विचार, "लहानपणी तुम्ही कुणाचे कपडे घातलेत?" आणि ते सांगतील ते नीट ऐकून घे.